आइसलँड, युरोव्हिजन आणि तो सोळावा नंबर

रातकिडा_पुणेकर
मे महिना जवळ आला की माझं युरोव्हिजनचं वेड डोकं वर काढतं हे इथल्या जुन्या लोकांना माहितेय. दरवर्षी कुठल्यातरी भलत्याच धाग्यात घुसून मी अवांतर करतो आणि बोलणी खातो, म्हणून यंदा स्वतंत्र धागाच काढला. आणि काढतोय तो जो देश यंदा नाहीये त्याच्यावर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: युरोपातल्या सार्वजनिक टीव्ही वाहिन्यांच्या संघटनेची ही गाण्यांची स्पर्धा, १९५६ पासून चालू आहे. देशामागे एक गाणं, जास्तीत जास्त तीन मिनिटांचं, आवाज लाइव्हच लागतो. मग प्रत्येक देश बाकीच्यांना गुण देतो, सर्वात आवडत्याला १२, स्वतःला मात्र देता येत नाहीत. २०१६ पासून ज्युरीचे वेगळे आणि पब्लिकचे वेगळे १२. म्हणजे जर्मनीचे १२ आणि आइसलँडचे १२ सारख्याच किमतीचे, लोकसंख्या गेली खड्ड्यात. यंदाची (२०२६) सत्तरावी स्पर्धा व्हिएन्नात आहे आणि गाझा युद्धामुळे इस्रायलच्या सहभागावरून जो वाद पेटला त्यात आइसलँडच्या आरयूव्ही वाहिनीने डिसेंबर २०२५ मध्येच सांगून टाकलं की आम्ही येत नाही.

तर आइसलँड. लोकसंख्या चार लाखाला थोडी कमी, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या निम्मीपण नाही. हे लोक पहिल्यांदा उतरले १९८६ ला, नॉर्वेत बर्गनला. आयसी नावाचं त्रिकूट आणि 'ग्लेदीबान्किन' नावाचं गाणं. आणि अख्ख्या देशाला खात्री की आपण जिंकणारच. नुसती आशा नाही हो, खात्री! नंबर आला सोळावा. बरं, पुढच्या वर्षी १९८७, परत सोळावा. १९८८, परत सोळावा. सलग तीन वर्षं सोळावा नंबर काढून दाखवा कोणी, ठरवून जमणार नाही. तिथे 'सोळावी जागा' हा अजूनही घरोघरी समजणारा जोक आहे. आणि १९८९ ला वाटलं चला सोळाव्याच्या बाहेर पडू, तर थेट शेवटचा नंबर, शून्य गुण.

माझं म्हणणं एवढंच आहे की युरोव्हिजन सर्वात मनापासून खेळला तो या देशाने. एकदाही जिंकले नाहीत, दोनदा दुसरे आले, आणि दरवर्षी परत तेच 'यंदा आपलंच'. त्यामुळे यंदा ते नाहीत हे मला स्पेन किंवा नेदरलँड्स नसण्यापेक्षा जास्त लागलंय. लिहा लोकहो, शिव्यापण चालतील.

मिरचीचा_ठेचा
पहिली मी! वाचतेय, पण आधी एक बेसिक शंका. ही ती चकाकते कपडे आणि आगीचे फवारेवालीच स्पर्धा ना? मला वाटायचं ती मुद्दाम विनोदी असते.

रातकिडा_पुणेकर
तीच ती. विनोदी पण असते, रडकी पण असते, कधीकधी खरंच भारी पण असते. १९७४ ला आबा ग्रुप इथेच जिंकला, १९८८ ला सेलीन दियाँ स्वित्झर्लंडकडून गाऊन इथेच जिंकली. तेव्हा एकदम सर्कस म्हणू नका.

कोल्हापुरी_चप्पल
रातकिडा भावा, सगळं मान्य, पण शून्य गुण आलेल्या त्या गड्याचं पुढं काय झालं ते सांग की. असल्या माणसांचीच आपल्याला जास्त काळजी वाटते.

रातकिडा_पुणेकर
हाहा, त्याचं छान झालं की. दानियल आउगुस्त त्याचं नाव, पुढे तो गसगस नावाच्या इलेक्ट्रॉनिक ग्रुपमध्ये गेला आणि तो ग्रुप युरोपभर गाजला. तिथे युरोव्हिजनमध्ये आपटलं म्हणून करिअर संपत नाही. उलट १९९१ चं 'नीना' बघ, नंबर पंधरावा, आणि आजही तिथल्या कुठल्याही पार्टीत रात्री उशिरा सगळे गळ्यात गळे घालून तेच म्हणतात. १९९० ला स्त्योर्निन ग्रुप चौथा आला, ते गाणंही असंच, तोंडपाठ सगळ्यांना.

बर्फातली_बाई
अरे हा धागा माझ्यासाठीच आहे की काय! मी नवऱ्याच्या नोकरीमुळे रेक्याविकला राहते, आता इथलीच झालेय म्हणा ना. नीनाबद्दल +१००. मला भाषा धड येत नव्हती तेव्हाही ते गाणं येत होतं, कारण ऑफिसच्या प्रत्येक पार्टीत शेवटी तेच.

इथे फायनल म्हणजे काय असतं सांगते. एकतर आपल्या भारतातल्यासारखं मध्यरात्री जागायचं नसतं, इथे संध्याकाळी सातला सुरू होतं, म्हणजे पोरंटोरं, आजीआजोबा सगळे जागे. मे मध्यावर रात्री साडेदहापर्यंत बाहेर उजेड असतो त्यामुळे लोक अंगणात ग्रिल लावतात, घरात टीव्ही, आत बाहेर ये-जा चालू. प्रत्येकाच्या हातात छापील कागद, त्यावर देशांची नावं आणि गुणांचे रकाने. ऑफिसात पैज लागलेली असते. रस्त्यावर चिटपाखरू नाही. टीव्ही चालू असलेल्या घरांपैकी नव्वद टक्क्यांच्या वर घरांत तेच चालू असतं असं इथे दरवर्षी छापून येतं आणि मला ते आकडे न बघताही पटतं, कारण त्या वेळी कोणालाही फोन केला तर लोक चिडतात.

आणि सगळ्यात गंमत, इथे गायक म्हणजे कोणीतरी लांबचा स्टार नसतो. इथे आडनावं अशी नसतातच, वडिलांच्या नावावरून असतात, त्यामुळे सगळे सगळ्यांना पहिल्या नावाने हाक मारतात, राष्ट्राध्यक्षालासुद्धा. मग यंदा जो गातोय तो कोणाच्यातरी मावसभावाचा शाळासोबती असतोच असतो. स्विमिंग पूलच्या गरम पाण्यात तुमच्या शेजारी बसलेली बाई दोनदा युरोव्हिजनला जाऊन आलेली असू शकते.

अभ्यासू_कासव
बर्फातली_बाई यांचा मुद्दा धरून पुढे. छोट्या देशात माणसं पुरत नाहीत, तीच तीच परत फिरून येतात, ही आइसलँडची खरी मजा आहे. थोडी उदाहरणं देतो, कंटाळा आला तर सोडून द्या.

हेरा ब्यर्क: २००८ आणि २००९ ला मागे उभी राहून कोरस, २०१० ला स्वतः मुख्य गायिका, आणि २०२४ ला परत मुख्य गायिका. २००८ ला यूरोबँडमधून पुढे गाणारा फ्रिद्रिक ओमार २००९ ला मागे कोरसमध्ये. २००८ च्या त्याच गाण्याच्या गीतकारांत पाउल ओस्कार, जो स्वतः १९९७ चा स्पर्धक. त्या गाण्याचा संगीतकार ओरलीगुर स्मारी, त्याचीच २००० आणि २०१० चीही गाणी. २०१७ ची स्वाला ही १९९५ च्या ब्यर्गविनची मुलगी. ग्रेता सालोमे २०१२ आणि २०१६. आणि पहिल्या त्रिकुटातला एइरिकुर २००७ ला परत आला, मधल्या काळात १९९१ ला नॉर्वेकडून पण गाऊन आला.

आपल्याकडे याला घराणेशाही म्हटलं असतं, तिथे नाइलाज आहे.

मिरचीचा_ठेचा
कासवदादा तुम्ही हे सगळं पाठ केलंय का? दंडवत घ्या.

तिरकस_तात्या
मला एक कळत नाही. ज्या देशाने ब्यर्कसारखी जगप्रसिद्ध गायिका दिली (ही हेरा ब्यर्क नव्हे), सिगुर रोससारखा बँड दिला, तो देश या चमचमाटात सोळावा येतो आणि त्याचं कौतुक आपण मराठीत करतोय. ब्यर्क कधी गेली का युरोव्हिजनला? नाही गेली. कारण चांगल्या कलाकाराला या गुणपत्रिकेची गरज नसते. ही स्पर्धा म्हणजे वाहिन्यांनी लोकांना मे महिन्यात गुंतवून ठेवायची सोय आहे. बाकी चालू द्या.

रातकिडा_पुणेकर
तात्या आलात, धागा सुफळ संपूर्ण :)
ब्यर्क गेली नाही हे खरं. ऑफ मॉन्स्टर्स अँड मेन पण नाही गेले, ते तिथल्या म्यूसिकतिलरॉनिर नावाच्या बँडच्या स्पर्धेतून वर आले, २०१० ला ती जिंकले होते. पण तुमच्या या म्हणण्याने माझा मुद्दा कुठे खोडला जातो? जगात आइसलँडचं नाव मोठं करायचं काम ब्यर्क करतेच आहे. युरोव्हिजन त्यासाठी नाहीच. ते वर्षातून एकदा सगळ्यांनी एकाच वेळी एकाच गोष्टीवर भांडायसाठी आहे. गणपतीत मंडळाच्या ऑर्केस्ट्राला कोणी भीमसेनजींची मैफल समजून जातं का?

तिरकस_तात्या
ऑर्केस्ट्राला प्रवेश फुकट असतो. इथे जनतेच्या पैशावर चालणारी वाहिनी फी भरून जाते.

वर्‍हाडी_ठसका
तात्या बरोबर बोलून राह्यले ना बे. आणि समजा जिंकले असते त मंग? जिंकणाऱ्यानं पुढच्या वर्षी आपल्या घरी स्पर्धा भरवा लागते असं ऐकलं मी. चार लाख लोकांच्या देशात एवढा कारखाना करायचा कुठं? त्याइच्या मनातच जिंकायचं नसंन.

अभ्यासू_कासव
ठसकासाहेब, नेमका प्रश्न विचारलात. भरवावीच लागते असा कायदा नाही पण प्रथा आहे, आणि छोट्या देशांची यात फजिती झालेली आहे. मोनॅको १९७१ ला जिंकला, १९७२ ला भरवायला असमर्थ, मग ती बीबीसीने एडिनबरोला घेतली. लक्झेंबर्ग १९७२ आणि १९७३ सलग जिंकला, १९७३ ची घरी भरवली, पण १९७४ ला म्हणाले आता नको, आणि ती परत ब्रिटनकडे ब्रायटनला गेली. आबा जिंकले ते तिथेच. बाय द वे लक्झेंबर्गच्या पाचही विजयांत गायक लक्झेंबर्गचा नव्हताच, चार फ्रेंच आणि एक ग्रीक. पैसा होता, भाड्याने गायक आणले. आइसलँडने तसं केलं नाही आणि माझ्या मते त्यांच्या शून्य विजयांचं वजन त्या पाचांपेक्षा जास्त आहे. भांडा आता माझ्याशी.

रेक्याविकमधे मोठा हॉल म्हणजे लोएगार्दाल्सहोल, १९७२ चा फिशर-स्पास्की सामना झाला तोच. बुद्धिबळासाठी ठीक आहे, युरोव्हिजनच्या आताच्या स्टेजला तो लहानच. २०१६ ला जस्टिन बीबर आला तेव्हा शेजारच्या कोपावोगुरमधल्या इनडोअर फुटबॉल हॉलमधे कार्यक्रम केला होता.

बर्फातली_बाई
'जिंकलो तर भरवायची कुठे' ही चर्चा इथे गाण्यावरच्या चर्चेइतकीच आवडती आहे. विल फेरेलचा तो २०२० चा नेटफ्लिक्स सिनेमा पाहिलाय का कोणी, त्यातपण हाच विनोद आहे, जिंकलो तर देशाचं दिवाळं निघेल म्हणून घाबरलेला माणूस. गावाचं नाव हुसाविक, आणि त्या गावावरचं गाणं ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेलं! हुसाविकच्या बंदरावर तिथल्या पोरांच्या कोरसबरोबर त्याचं शूटिंग करून ऑस्करला दाखवलं होतं. म्हणजे खोट्या स्पर्धेने खऱ्यापेक्षा जास्त नाव काढून दिलं.

रातकिडा_पुणेकर
आता दोन दुसऱ्या नंबरांबद्दल लिहितो, त्याशिवाय धागा अपुरा आहे.

१९९९, जेरुसलेम. त्याच वर्षी आपल्या देशाच्याच भाषेत गायचा नियम काढून टाकला होता. सेल्मा नावाची मुलगी इंग्रजीत 'ऑल आउट ऑफ लक' गायली, मतमोजणीत बराच वेळ पुढे, आणि शेवटी स्वीडनची शार्लोट १६३ आणि सेल्मा १४६. आइसलँडला विचारा, अजून हळहळतात.

दुसरं २००९, मॉस्को. इथे पार्श्वभूमी लक्षात घ्या. ऑक्टोबर २००८ मध्ये आइसलँडच्या तिन्ही मोठ्या बँका एका आठवड्यात बसल्या. लोक भांडी वाजवत संसदेसमोर उभे राहिले, सरकार पडलं. आणि मे महिन्यात योहाना नावाची अठरा वर्षांची मुलगी निळा ड्रेस घालून उभी राहिली आणि 'इज इट ट्रू' गायली. नाच नाही, गिमिक नाही. तिची सेमीफायनल ती जिंकली, फायनलला २१८ गुण आणि दुसरा नंबर. पहिला आला नॉर्वेचा अलेक्झांडर रिबाक, ३८७ गुण, त्याच्यापुढे त्या वर्षी कोणीच टिकलं नसतं. पण बँका बुडालेल्या देशात त्या रात्री काय वाटलं असेल हे मी दरवेळी तो व्हिडिओ लावून बघतो. (खिशात दमडी नसताना ती जिंकली असती तर स्पर्धा कुठे भरवली असती देव जाणे, हे ठसकासाहेबांसाठी.)

कोल्हापुरी_चप्पल
योहानाचं गाणं आत्ताच ऐकलं. लई म्हणजे लईच भारी. शेवटी जो सूर लावलाय तिथं अंगावर काटा आला. हे दुसरं?? पहिल्या गाण्यात काय एवढं होतं मग?

सुरमई_फ्राय
पहिल्या गाण्यात व्हायोलिन आणि गोड हसरा मुलगा होता, अजून काय पाहिजे :D

मला विचारायचंय ते भाषेबद्दल. नियम निघाला म्हणून सगळे इंग्रजीत गायला लागले, पण मग आइसलँडचं असं त्यात राहिलं काय? आम्ही गोव्याचे लोक कोकणी गाण्यांसाठी इतकं भांडतो, मला हे बघून जरा वाईटच वाटतं. चार लाखांची भाषा, ती स्टेजवर नाही तर कुठे ऐकणार बाकीचं जग.

अभ्यासू_कासव
सुरमईताई, १९९९ नंतर २०१२ पर्यंत सगळी इंग्रजीच. २०१३ ला एथोर इंगी परत आइसलँडिकमध्ये गायला, सतरावा आला. मग २०१९, २०२२ आणि २०२५ ही आइसलँडिक. म्हणजे हळूहळू परत येतायत. तिथली राष्ट्रीय निवड स्पर्धा सोंग्वाकेप्नीन, तिच्या सेमीफायनलला गाणं आइसलँडिकमध्येच गावं लागतं, फायनलला मात्र ज्या भाषेत पुढे जायचं त्या भाषेत. मला ही पद्धत फार हुशारीची वाटते. देशातल्या लोकांना गाणं आधी आपल्या भाषेत मिळतं, युरोपला नंतर काय द्यायचं ते द्या.

बर्फातली_बाई
हो आणि म्हणूनच बऱ्याच गाण्यांची दोन दोन रूपं आहेत, आणि इथले लोक ठासून सांगतात की आपल्या भाषेतलंच चांगलं होतं. कधीकधी खरं असतं, कधीकधी नुसता अभिमान.

कोल्हापुरी_चप्पल
ते २०१९ चं आत्ता उघडलं. आई शप्पथ. काळं कातडं, साखळदंड, तोंडावर काटेरी मास्क, आणि मागं आग. हे काय प्रकरण आहे? घरात आई बसलेली, आवाज बंद करायला लागला.

रातकिडा_पुणेकर
हाहाहा, हातारी! माझं लाडकं प्रकरण. 'द्वेषच जिंकणार' अशा अर्थाचं गाणं आणि बँडचा जाहीर हेतू काय तर भांडवलशाही उलथून टाकणे. सगळं गंभीर चेहऱ्याने, एकदाही हसायचं नाही. स्पर्धा तेल अवीवला होती, तर जाण्याआधी त्यांनी इस्रायलच्या पंतप्रधानाला ग्लीमा म्हणजे आइसलँडच्या पारंपरिक कुस्तीचं जाहीर आव्हान दिलं. यांनी जिंकलं तर तिथे यांची वसाहत, हरले तर आइसलँडची वेस्टमन बेटं इस्रायलच्या ताब्यात :))

दहावे आले ते, २०१४ नंतर पहिल्यांदा फायनल. आणि मतमोजणीत कॅमेरा त्यांच्यावर आला तेव्हा त्यांनी पॅलेस्टाइनच्या झेंड्याच्या पट्ट्या वर धरल्या. त्यासाठी आरयूव्हीला पाच हजार युरोचा दंड झाला.

कोल्हापुरी_चप्पल
पंतप्रधानाला कुस्तीचं आव्हान! ह्येला म्हणत्यात गायक. खासबागेत लावायची होती की कुस्ती, आम्ही फेटे घेऊन आलो असतो. मातीतली कुस्ती हाय का त्यांची?

बर्फातली_बाई
नाही हो, कमरेला आणि मांड्यांना पट्टे बांधतात आणि तेच धरून उभ्यानेच पाडायचं. चितपट वगैरे लांबची गोष्ट, कोपर ते गुडघा यांच्यामधला अंगाचा कुठलाही भाग टेकला की हरला. वजनदारांपेक्षा पायाच्या डावांचं काम जास्त.

तिरकस_तात्या
म्हणजे राजकारण आलंच शेवटी. संघटनेने वर्षानुवर्षं म्हणायचं 'ही अराजकीय स्पर्धा आहे' आणि २०२२ ला रशियाला बाहेर काढायचं. एकाला एक न्याय, दुसऱ्याला दुसरा. त्यापेक्षा आइसलँड न जाताच शहाणा ठरला असं माझं मत, आणि माझं मत मी या धाग्यावर प्रथमच आइसलँडच्या बाजूने देतोय याची नोंद घ्यावी.

संपादक_मंडळ
गाझा प्रश्नावर वेगळे धागे आहेत. इथे चर्चा स्पर्धा आणि आइसलँडचा निर्णय एवढ्यापुरती ठेवा. व्यक्तिगत रोखाचे दोन प्रतिसाद उडवले आहेत.

रातकिडा_पुणेकर
संपादकांचं म्हणणं मान्य. पण तो निर्णय समजून घ्यायचा तर २०२४ पासून बघायला लागतं. त्या वर्षी सोंग्वाकेप्नीनमध्ये बशार मुराद नावाचा पॅलेस्टिनी गायक होता, तो दुसरा आला, हेरा ब्यर्क जिंकली. मतदानाच्या अॅपमध्ये घोळ झाला अशी ओरड झाली, लोक भयंकर चिडले. वर्षानुवर्षं कॉमेंट्री करणारा गिस्ली मार्तेन त्या वर्षी म्हणाला मी नाही करत. आणि हेरा बिचारी स्पर्धेसाठी स्वीडनमध्ये माल्मोला गेली ती सेमीफायनलमध्ये तीन गुण घेऊन शेवटची. गाणं काही तितकं वाईट नव्हतं, पण मागे देश उभा नसला की काय होतं ते दिसलं.

म्हणून डिसेंबरमध्ये आरयूव्हीच्या प्रमुखांनी जे सांगितलं ते मला पटलं: आपल्याकडे जी चर्चा चालू आहे ती बघता आपण गेलो तर ना आनंद राहील ना शांतता. स्पेन, आयर्लंड, नेदरलँड्स आणि स्लोव्हेनिया आधीच बाहेर पडले होते. पण त्यांच्यासाठी ही एक वार्षिक स्पर्धा आहे, आइसलँडसाठी हा सण आहे.

बर्फातली_बाई
इथली बाजू सांगते. माझ्या ऑफिसात दोन तट होते. एक म्हणे न जाणंच योग्य, दुसरा म्हणे मग पोरांना काय सांगायचं. आणि पोरांचा मुद्दा खरा आहे, कारण २०२५ चे ते दोन भाऊ, वाएब, चंदेरी कपड्यातले, वल्हं मारण्यावरचं गाणं, इथल्या प्रत्येक बालवाडीत गेलं वर्षभर तेच चालू आहे. माझी मुलगी आंघोळीच्या टबात बसून वल्हं मारते. बाझलला ज्युरीने त्यांना शून्य दिले, एकाही देशाच्या ज्युरीला ते गाणं आवडलं नाही! पब्लिकने ३३ दिले, पंचविसावे आले. इथे कोणाला फरक पडला नाही, विमानतळावरून आले तसे पोरांचे हिरोच.

पण निर्णय झाल्यावर फार आरडाओरडा नाही झाला. एक सहकारी म्हणाली, बरं झालं, निदान यंदा कोणाशी अबोला धरायला नको. मी तर ग्रिल लावणारच आहे त्या शनिवारी. बायका येतील, जुनी गाणी लावू.

वर्‍हाडी_ठसका
ज्युरीचे शून्य अन् पब्लिकचे तेहतीस, हे त आपल्या रियालिटी शोसारखंच झालं. जजेस म्हणतात सूर नाही, जनता म्हणते पोरगा आमच्या गावचा आहे.

अभ्यासू_कासव
फरक एवढाच की इथे आपल्या गावच्याला मत देताच येत नाही :) म्हणून शेजारी लागतात. आइसलँडला उत्तरेकडचे शेजारी आहेत, पण तेवढ्याने भागत नाही.

ज्युरी विरुद्ध पब्लिक हा खेळ आइसलँडने फार आधी पाहिलाय. १९९७ ला डब्लिनमध्ये पाउल ओस्कार पांढऱ्या सोफ्यावर बसून गायला, चार बायका, चमकदार काळे कपडे, तेव्हाच्या ज्युरीची झोप उडाली असेल. एकूण १८ गुण, विसावा. पण त्याच वर्षी फक्त पाच देशांत फोनवरून मतदानाचा प्रयोग झाला होता, आणि १८ पैकी १६ गुण त्या पाच देशांतून आले. पुढची वीस वर्षं ही स्पर्धा कशी दिसणार ते त्या १६ गुणांत दिसलं होतं. आणि बक्षीस काय, तर त्या खराब निकालामुळे १९९८ ला आइसलँडला घरीच बसावं लागलं, कारण तेव्हा तळातल्या देशांना पुढच्या वर्षी बाहेर ठेवायचे.

सुरमई_फ्राय
म्हणजे घरी बसायची सवय आहे त्यांना.

मिरचीचा_ठेचा
कोणी दादी फ्रेयरबद्दल का लिहिलं नाही अजून? मला युरोव्हिजनमधलं एकच गाणं माहितेय आणि ते त्याचं! हिरवे स्वेटर, त्यावर स्वतःचेच चौकोनी चेहरे, आणि ठोकळ्यासारखा नाच. लॉकडाऊनमध्ये आमच्या बिल्डिंगच्या पोरींनी गच्चीवर त्याच्यावर रील केलं होतं, कुठल्या देशाचं आहे हे एकीलाही माहीत नव्हतं.

रातकिडा_पुणेकर
मुद्दाम शेवटी ठेवला होता, कारण त्यावर लिहायला लागलो की मी रडतो. 'थिंक अबाउट थिंग्ज', आपल्या तान्ह्या मुलीवर लिहिलेलं गाणं. २०२० चं वर्ष. चाहते, सट्टेवाले, सगळे म्हणत होते आइसलँडला जिंकायची खरी संधी आहे, १९८६ पासून पहिल्यांदा ही खात्री फक्त आइसलँडची नव्हती, युरोपची होती. आणि मार्चमध्ये स्पर्धाच रद्द. स्पर्धेच्या इतिहासात एकदाच रद्द झाली, ती याच वर्षी. मग वेगवेगळ्या देशांच्या वाहिन्यांनी आपापले पर्यायी कार्यक्रम केले, त्यातले कितीतरी दादीने जिंकले, पण त्याची ट्रॉफी थोडीच मिळते.

२०२१ ला परत आला, रॉटरडॅमला, नवं गाणं घेऊन. आणि तिथे पोचल्यावर बँडमधल्या एकाची कोविड टेस्ट पॉझिटिव्ह. स्टेजवर जाता आलं नाही, रिहर्सलचं रेकॉर्डिंग दाखवलं, हे आपले हॉटेलात बसून स्वतःलाच टीव्हीवर बघतायत. तरी चौथा नंबर, ३७८ गुण. आता याला नशीब म्हणायचं की काय ते तात्यांनी सांगावं.

तिरकस_तात्या
हे गाणं ऐकलं. चांगलं आहे. एवढंच बोलतो.

वर्‍हाडी_ठसका
तात्यानं चांगलं म्हटलं, धाग्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा रे कोणी.

बर्फातली_बाई
एक राहिलं, २०११. स्योन्नी ब्रिंक नावाचा गायक. निवड स्पर्धेत त्याचं गाणं होतं आणि गायच्या काही दिवस आधी तो अचानक गेला, छत्तीस वर्षांचा. बायकोने ठरवलं गाणं मागे घ्यायचं नाही. त्याचे सहा मित्र उभे राहिले आणि तेच गायले, देशाने त्यांनाच निवडलं, फायनललाही पोचले. विसावे आले. इथे त्या गाण्याच्या नंबराबद्दल कोणीच बोलत नाही.

मिरचीचा_ठेचा
हे माहीत नव्हतं. ऐकते आज रात्री.

प्रॅक्टिकल प्रश्न: फायनल भारतातून बघता येते का? आणि मत देता येतं का?

अभ्यासू_कासव
सेमीफायनल आणि फायनल सहसा स्पर्धेच्या यूट्यूब चॅनेलवर लाइव्ह असतात. आपल्याकडे रात्री साडेबाराला सुरू होते, संपायला पहाटेचे साडेचार धरा, तेव्हा रविवारी काही कामं ठेवू नका. मत २०२३ पासून देता येतं, बाकीच्या जगाची सगळी मतं मिळून एक देश धरतात. ऑनलाइन, कार्डाने पैसे भरून. आधी एका माणसाला वीस मतं देता यायची, यंदापासून दहा केलीत. आणि यंदा सेमीफायनललाही ज्युरी परत आणलीये.

सुरमई_फ्राय
वल्हेवाल्या पोरांसाठी दहा मतं दिली असती. आता यंदा कोणाला द्यायची? रातकिडा, छोटा देश सुचवा एखादा. माल्टा आहे ना यंदा? त्यांच्याकडे आमच्यासारखीच चर्च आणि मासळी आहे म्हणे.

रातकिडा_पुणेकर
माल्टा आहे. पण त्यांचा विषय काढू नका इथे, १९९८ ला शेवटच्या देशाचे गुण येईपर्यंत शर्यतीत आणि त्या शेवटच्या देशाने शून्य दिला, १७२, १६६ आणि १६५ असा निकाल. त्यावर वेगळा धागा लागेल, तुम्हीच काढा, मी येतो भांडायला.